अर्धा चमचा मीठ, पण कोणता चमचा?

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी हसत विचारलं होतं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला विकिपीडियावरच्या वैद्यकीय लेखांचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका चमच्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

निवृत्तीनंतर आम्ही सहा जण दर शनिवारी दुपारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. दोन लॅपटॉप, एक थर्मास, आणि मराठी विकिपीडिया. गटात बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, दोन शिक्षिका आहेत, सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या एक सिस्टर आहेत, आणि आमच्यासारखा एक प्राध्यापक. इंग्रजीत भरपूर माहिती असलेल्या आजारांवर मराठीत चार ओळीसुद्धा नसतात, असल्या तर कुठून तरी उचललेल्या असतात, हे पाहून आम्ही आरोग्याचे लेख हातात घेतले. उत्साह दांडगा होता. तयारी किती होती ते पुढे कळेलच.

सुरुवातीच्या लेखांपैकी एक होता जलसंजीवनीवर, म्हणजे ओआरएसवर. जुलाब होऊन शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात, ते तोंडावाटे भरून काढायचं मीठ-साखरेचं पाणी. तयार पाकीट मिळालं तर तेच वापरावं. ते मिळत नसेल तेव्हा घरी कसं करायचं, याचं प्रमाण आम्ही लिहिलं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाली संदर्भ दिला. संदर्भ उत्तम होता, अधिकृत होता. वाक्य आमचं होतं, कुठून उचललेलं नव्हतं. दोन्ही नियम पाळले म्हणून आम्ही खुशीत.

सिस्टर त्या वेळी लेकीकडे गेल्या होत्या. अकरा दिवसांनी परतल्या, लेख मोबाइलवर वाचला आणि पहिला प्रश्न टाकला, “सर, कोणता चमचा? आणि सपाट की शीग लावून?”

आम्ही मूळ संदर्भ पुन्हा उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, चहाचा सपाट चमचा. आमच्या वाक्यात ‘चहाचा’ही नव्हता आणि ‘सपाट’ही नव्हता. आता मराठी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. चहाचा चमचा असतो, पोहे खायचा चमचा असतो, वाढायचा मोठा चमचा असतो. नुसतं ‘चमचा’ म्हटलं की पुष्कळ घरांत हात पोह्यांच्या चमच्याकडे जातो. तो शीग लावून भरला तर मीठ ठरलेल्या प्रमाणाच्या दुप्पट-तिप्पटही होऊ शकतं. मोठ्या माणसाला ते पाणी खारट लागेल, तो थुंकून टाकेल. तान्ह्या मुलाला ते चमच्याचमच्यानं पाजलं जातं, आणि रक्तातलं सोडियम वाढलं तर बाळाला झटके येऊ शकतात. सिस्टरांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. खोलीत कोणी बराच वेळ बोललं नाही.

लेख पाच मिनिटांत दुरुस्त झाला. त्या अकरा दिवसांत तो कोणी वाचला, कोणी त्यावरून पाणी कालवलं, हे कळायला मार्ग नाही.

आता या चुकीचा विचार करू, कारण ती आळसातून झालेली नव्हती. ‘सपाट’ हा शब्द आम्ही का गाळला? कारण मूळ वाक्याची नक्कल होऊ नये म्हणून आम्ही ते सुटसुटीत केलं. म्हणजे एक नियम पाळताना दुसरा मोडला. विकिपीडियावर नव्या माणसाला दोन गोष्टी सांगतात: आधाराशिवाय काही लिहू नका, आणि आधाराचे शब्द जसेच्या तसे उचलू नका. ऐकताना वाटतं की हे दोन वेगळे विषय आहेत, एक सत्याचा आणि एक शिष्टाचाराचा. आम्हालाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात लिहायला बसलं की दोन्ही नियम एकाच वाक्याला दोन बाजूंनी ओढतात. पहिला म्हणतो मुळाला चिकटून राहा, दुसरा म्हणतो मुळापासून दूर जा. इतिहासाच्या लेखात ही ओढाताण निभावून जाते. वैद्यकात तिची किंमत कोणाच्या तरी घरात मोजली जाते.

इथे आमचा जुना धंदा थोडा उपयोगी पडला. न्यायदर्शनात चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाच्या भाष्याचा आशय असा की ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. फार मोठी गोष्ट आहे ही. अधिकार कुळाचा नाही, पदाचा नाही. जाणण्याचा आणि प्रामाणिकपणे सांगण्याचा आहे. चरकसंहितेतही रोगाच्या ज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा विचार आहे, म्हणजे वैद्यकाला हा प्रश्न नवा नाही.

मग विकिपीडियाच्या लेखात आप्त कोण? लिहिणारा कोण आहे हे वाचकाला माहीत नसतं. तो डॉक्टर असेल, नववीतला मुलगा असेल, किंवा आमच्यासारखा रिकामटेकडा म्हातारा असेल. म्हणून तिथे लिहिणाऱ्याला आप्तपण नाकारलेलंच आहे. त्याने फक्त आप्ताचं म्हणणं पोचवायचं. ‘मूळ संशोधन नको’ हा जो तिथला नियम आहे त्याचा अर्थ हाच.

सिस्टरांना हे सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. “छत्तीस वर्षं मी पोरांना सलाइनं लावली, मला माहीत आहे ते मी लिहायचं नाही, आणि तुम्ही पुस्तकात बघून लिहायचं?” त्यांचा राग आम्हाला समजत होता. नियमाची ही बाजू कडू आहे आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण चमच्याच्या प्रकरणात काय झालं ते पाहा. त्यांचा अनुभव लेखात पुरावा म्हणून आला नाही, तरी चूक पकडली ती त्या अनुभवानेच. संदर्भाला कोणता प्रश्न विचारायचा हे आम्हा पाच जणांना सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं.

आता आधार कोणता घ्यायचा, यावर थोडं बोलू. वैद्यकीय लेखांसाठी विकिपीडियाचा रोख स्पष्ट आहे: एखाद्या सुट्या प्रयोगाचा निष्कर्ष उचलू नका, अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेले आढावे, मान्यताप्राप्त संस्थांच्या मार्गदर्शिका, चांगली पाठ्यपुस्तकं घ्या, आणि शक्यतो अलीकडची. ‘अलीकडची’ हा शब्द मराठीत काम करताना विशेष टोचतो, कारण आपल्या हाताशी असलेली मराठी वैद्यकीय पुस्तकं पुष्कळदा जुनी असतात. जलसंजीवनीचंच घ्या. पूर्वीच्या प्रमाणित पाकिटात लिटरमागे ३.५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज असे. त्या द्रावणाची तीव्रता, म्हणजे ऑस्मोलॅरिटी, ३११ होती. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सौम्य द्रावणाची शिफारस केली: २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, तीव्रता २४५. २००४ पासून मुलांच्या अतिसारात जोडीला झिंक द्यायची शिफारस आली. जुनं पुस्तक खोटं बोलत नाही. त्याच्या काळात ते बरोबरच होतं. पण त्यातला आकडा आजचा म्हणून छापला तर संदर्भ खरा आणि विधान चुकीचं, असा चमत्कार घडतो. म्हणून आम्ही आता आकड्याशेजारी वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. विश्वकोशासारख्या ग्रंथातून परिभाषा खुशाल घ्यावी, उपचार घेताना मात्र नोंद कधीची आहे ते पाहावं.

वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवण्या आम्ही आधार म्हणून सोडून दिल्या. एकदा एका पुरवणीतलं वाक्य फारच ओळखीचं वाटलं. शोधलं तर ते मराठी विकिपीडियावरचंच निघालं, आणि गंमत म्हणजे विकिपीडियावर त्याच वाक्याला नंतर कोणी तरी त्या पुरवणीचाच संदर्भ जोडला होता. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, जमिनीवर कोणीच नाही.

पण आधार उत्तम असूनही तो नीट न पोचवणं, हा दोष मला जास्त गंभीर वाटतो. त्याचं एक उदाहरण आमच्याच विषयातलं आहे. ‘लॅन्सेट’ने जलसंजीवनीला शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं, असं वाक्य तुम्ही अनेक ठिकाणी वाचलं असेल. आम्हीही ते लिहिलं होतं. मूळ काय आहे? १९७८ चं एक संपादकीय. त्यात गौरव आहे तो लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज यांचं शोषण एकमेकांशी जोडलेलं असतं, या शोधाचा. साखर असली की मीठ आणि पाणी वेगानं आत शिरतं, हे ते गुपित. जलसंजीवनी त्याच्यावर उभी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा शोध ‘ठरू शकेल असा’, इतकंच तिथे म्हटलं आहे. सांगणाऱ्यांनी ‘ठरू शकेल’ टाकून दिलं आणि शोधही बदलला. याने कोणाचं नुकसान झालं नाही, खरंय. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपत आल्यावर पिंपांतून हे पाणी पाजलं, आणि तिथला कॉलऱ्याचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत उतरला. इतकं मोठं काम असताना त्याला उसन्या विशेषणाची गरजही नाही.

नुकसान झाल्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गातलं औषध एकदा तरी दिलं गेलं, त्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी ज्यांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद आहे, असे चारच सापडले. पत्र एवढंच. त्यात लबाडी काही नव्हती. पुढे मात्र लोक त्याचा दाखला देत गेले आणि ‘रुग्णालयात दाखल असलेल्या’ हे शब्द गळत गेले. उरलं एवढंच की ही वेदनाशामकं दिल्यानं व्यसन क्वचित लागतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्या पत्रात अक्षरही नाही, पण त्याच्यासाठी ते वापरलं गेलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या दाखल्यांची मोजणी प्रसिद्ध झाली. एकूण ६०८ दाखले. त्यांपैकी ४३९ ठिकाणी पत्र व्यसन क्वचित लागतं याचा पुरावा म्हणून आलं होतं, आणि ४९१ ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात होते हे सांगितलेलंच नव्हतं. दरम्यान त्या देशात या औषधांच्या व्यसनानं काय हाहाकार केला ते आपण जाणता. सगळा दोष त्या पत्राच्या माथी मारता येणार नाही, पण विश्वास बसवण्यात त्याचा हातभार लागला. या ६०८ जणांत विकिपीडियावरचे हौशी नव्हते, शिकलेसवरलेले लोक होते. आमचा ‘सपाट’ गळाला, त्यांचं ‘रुग्णालयात’ गळालं. जात एकच.

आता स्वतःचे शब्द. कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. कल्पनेवर किंवा माहितीवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात, १९७८ मध्येच, हे तत्त्व स्पष्ट केलं आहे. पण मराठीत एक गैरसमज घट्ट बसलाय की इंग्रजी पुस्तकातलं पान भाषांतर केलं की ते आपलं झालं. तसं नाही. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाकडेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेचं बरंच साहित्य खुलं दिसतं, पण ते बिगर-व्यापारी अटीवर असतं, आणि विकिपीडियाचा परवाना व्यापारी वापरालाही मोकळीक देतो. त्यामुळे तेही तसंच्या तसं डकवता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर चालतं, मात्र कुठल्या लेखावरून केलं याची नोंद सोडावी लागते.

यातून पळवाट म्हणून लोक शब्द बदलतात. वाक्य तेच, रचना तीच, फक्त शब्दाला शब्द. वैद्यकात हे चोरीपेक्षा वाईट, कारण चोरी निदान बरोबर असते! आमच्या एका लेखात ‘अतिसारावरील औषध’ असं होतं. वेगळेपणा यावा म्हणून एकानं ते ‘जुलाबाचं औषध’ केलं. आता मराठीत जुलाबाचं औषध म्हणजे काय? थांबवायचं, की व्हायचं? ज्यांच्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांनी एरंडेल पाजून जुलाब दिले जायचे, ते दुसराच अर्थ घेणार. असे सुरेख मराठी शब्द आम्ही हळहळत बाजूला ठेवले आहेत.

मीमांसकांकडे ‘अनुवाद’ हा शब्द आजच्या अर्थानं येत नाही. दुसऱ्या प्रमाणानं जे आधीच सिद्ध झालं आहे ते पुन्हा सांगणं, त्यात स्वतःचं नवं विधान न घालणं, तो अनुवाद. आमच्या कामाला हा जुना अर्थ नेमका बसतो. सांगायची पद्धत आपली, सांगितलेली गोष्ट त्याची. आणि ती गोष्ट समजलेली नसेल तर हे करताच येत नाही. नक्कल करणारा बहुतेक वेळा चोर नसतो, त्याला ते कळलेलं नसतं आणि चुकण्याची भीती असते. न कळलेलं वाक्य एक तर जसंच्या तसं उतरवता येतं, नाही तर मोडता येतं. तिसरा मार्ग नाही.

म्हणून आता आम्ही असं करतो. एकानं संदर्भ वाचायचा, मिटायचा, आणि बाकीच्यांना बोलून सांगायचा. ऐकणाऱ्यानं लिहायचं. मग संदर्भ उघडून ताडून पाहायचं: कोणाला, किती, केव्हा, कोणत्या अटीवर. आकडा, औषधाचं नाव, वय, ‘कदाचित’, ‘प्रौढांमध्ये’, ‘सपाट’ हे शब्द हलवायचे नाहीत. त्यांवर कोणाची मालकी नसते, ती माहिती आहे. आम्ही नकलेच्या भीतीनं नेमकं तेच टाकलं होतं आणि वाक्याचा ठेका मात्र नकळत मुळाचाच ठेवला होता. उलट करायला हवं होतं. औषधांचे डोस तर आम्ही लिहीतच नाही. ते काम डॉक्टरांचं. जलसंजीवनीचं प्रमाण ठेवलं, कारण ते घरी करण्यासाठीच सांगितलेलं आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर वेळ वाचेल ना? वाचतो. आम्हीही करून पाहिलं. त्या सपाट चमच्याचं यंत्रानं ‘पातळी चमचा’ केलं. ते वाचून निदान हसू येतं आणि माणूस थांबतो. आम्ही लिहिलेलं ‘अर्धा चमचा’ इतकं सहज मराठी होतं की कोणी थांबलंच नाही. यंत्रही आता सुधारलंय, तेही सहज मराठी लिहायला लागलंय, त्यामुळे ताडून पाहणाऱ्याचं काम वाढलं आहे. पहिला खर्डा यंत्राचा असला तरी आमची हरकत नाही. सिस्टरांची आहे, पण तो वेगळा वाद.

दुसरी चिठ्ठी: लेखात आता काय लिहिलं आहे? एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. शक्य असेल तर तयार पाकीटच वापरावं. बाळ मलूल झालं, पीत नसेल किंवा लघवी थांबली असेल तर ताबडतोब दवाखाना. चर्चा पानावर आम्ही आमच्या चुकीची नोंद ठेवली आहे. आणि ‘इतिहास’ या दुव्यावर गेलात तर तो अकरा दिवसांचा जुना मजकूर अजूनही दिसतो, खाली आमच्या सदस्यनावासकट.